पाइपातलं पाणी

गवंडी दोन टोकांची पातळी जुळवतात त्या पारदर्शक लेव्हल पाइपातलं पाणी कवायतीच्या ठेक्यात थरथरत होतं. तापीकाठच्या नव्या घाटावरची सगळी यंत्रं मी बंद करायला लावली होती.

"बुडबुडा असंल, मॅडम," हिरामण गवंडी म्हणाला. बुडबुडा नव्हता.

इथे पूर्वी फौजेची छावणी होती. आता मालूबाईंचं एकच घर कामाच्या आड येत होतं. दोन वर्षं त्या घर सोडायला ना हो म्हणत होत्या, ना नाही.

पाइपाचं दुसरं टोक त्यांच्या ओट्यावर होतं. मी जाऊन पाहिलं, तर तिथलं पाणी स्थिर होतं.

"काय, घर वाकडं निघालं का माझं?" मालूबाई हसल्या.

"इकडं थांबलं, मॅडम!" हिरामण घाटावरून ओरडला.

त्याच क्षणी ओट्यावरचं पाणी त्याच ठेक्यात थरथरू लागलं. मग घरातली भांडी वाजू लागली. आधी दाराजवळची, मग आतली.

"लिहून घ्या, बाई," मालूबाई म्हणाल्या. "घर सोडते मी."