नऊची मावशी

गावाने वर्गणी काढून उभं केलेलं दुकान ताई एकटीच सांभाळायची. गल्लीच्या टोकाला एकटी राहणारी मावशी रोज नऊच्या ठोक्याला अर्धा लिटर दूध न्यायला यायची.

"मावशी, आज दोन मिनिटं उशीर!"

"तुझंच घड्याळ म्हातारं झालंय गं!"

सव्वानऊपर्यंत मावशी दिसली नाही, की ताई हातातलं काम टाकून थेट तिच्या दारात. म्हणून तर शेजारीपाजारी निर्धास्त असायचे.

गावोगावची अशी दुकानं जगावीत म्हणून सरकारी साहेब, कंपन्या आणि विद्यापीठवाले शहरात तीन दिवस एकत्र बसले. ताईलाही आग्रहाचं बोलावणं आलं. दुकानाला कुलूप घालून ती गेली, मंचावर चढली आणि नऊच्या मावशीची गोष्ट सांगून आली. टाळ्या थांबेचनात.

चौथ्या दिवशी सन्मानचिन्ह काखेत घेऊन ताई गल्लीत शिरली, तर मावशीच्या दारात माणसं खाली मान घालून उभी.

"कधी गेली?" तिने कसंबसं विचारलं.



"कसं कळणार, ताई?" शेजारी म्हणाला. "दुकान बंद होतं ना."