शोधणाऱ्याची पाळी

फोनमधला बाण नदीकडे वळला, थरथरला आणि गोल गोल फिरायला लागला. तिने फोन हलवून पाहिला, आभाळाकडे धरून पाहिला. बाणाचा आपला भोवरा झालेला.

"आता हो काय करायचं?" तिने वैतागून विचारलं.

"फोन पिशवीत टाका, बाई," नवरा म्हणाला. "तो जवळ आणून सोडतो. पुढचं काम डोळ्यांचं."

बाई! एवढ्या वर्षांच्या संसारात त्याने तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. पण गेल्या हिवाळ्यापासून त्याची आठवण विरत चालली होती. आधी चष्मा कुठे ठेवला ते गेलं, मग गल्लीचं वळण, मग मुलीचं नाव. आता बायकोसुद्धा त्याच्या लेखी कुणीतरी भली बाई होती, वेळेवर जेवायला वाढणारी.

डॉक्टर म्हणाले होते, ओळखीच्या जागी न्या, ओळखीच्या वस्तू हातात द्या, कधी कधी काहीतरी जागं होतं. त्या 'कधी कधी'वर जीव टांगून ती इथे आली होती. आपण त्याच्यात कुठेतरी उरलोय का, एवढंच तिला बघायचं होतं.

जमीनमोजणीच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्याला जिओकॅशिंगचं वेड लागलं. कुठेतरी एक डबा लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश नेटवर टाकायचे आणि अनोळखी लोकांनी फोन घेऊन तो हुडकायचा. सापडला की आतली एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची, डबा होता तिथे ठेवून चालू पडायचं. "या वयात लपंडाव! लोक काय म्हणतील?" असं म्हणून तिने नाक मुरडलं होतं. शिवणकामाच्या रगाड्यात ती एकदाही त्याच्याबरोबर आली नव्हती. आता मुलीकडून तिने फोनमध्ये सगळं भरून घेतलं होतं, आणि त्याने लपवलेला शेवटचा डबा शोधायला त्यालाच घेऊन आली होती.

नदीकाठच्या पक्षी अभयारण्याचं तारेचं कुंपण पायवाटेच्या कडेकडेने धुक्यात शिरत होतं. पलीकडे पाणी आहे की आभाळ, काही कळत नव्हतं. बदकं दिसत नव्हती, नुसती बोलत होती. एक बगळा धुक्यातून चालत आला, त्याने दोघांना न्याहाळलं, यांच्यात बघण्यासारखं काही नाही असं ठरवलं आणि परत धुक्यात गेला. तिला वाटलं, आपण झोपेतच चालतोय की काय. नवऱ्याच्या चेहऱ्यावर रोजचा गोंधळ मात्र नव्हता. इथे कुणालाच धड काही दिसत नव्हतं, त्यामुळे तो चारचौघांसारखाच झाला होता.

"कुंपणाच्या आत नसणार," तो पुटपुटला. "पाखरांना त्रास नको. वाटेपासून लांब नाही, पण वाटेवरून दिसायचाही नाही." तो एका जुन्या झाडापाशी गुडघ्यांवर बसला, मुळांमधला पाचोळा बाजूला केला, सालीचा एक मोठा तुकडा उचलला.

"सापडला!"

तो इतक्या जोरात ओरडला, की बदकांची एक फळी फडफडत उठली. हातात हिरवा पत्र्याचा डबा होता. झाकणावर बगळा. तो त्यानेच रंगवला होता, घरच्या जेवणाच्या टेबलावर बसून, आणि टेबलावर रंग सांडला म्हणून तिने त्याला चांगलं फैलावर घेतलं होतं. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. त्याने बगळ्यावरून हळूच अंगठा फिरवला.

"हात बरा आहे हो लपवणाऱ्याचा," तो म्हणाला. "मान तेवढी जाड झालीय."

तिला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडूही. संपलं सगळं. 'अहो, तुम्हीच काढलाय तो' हे अगदी ओठांवर आलं होतं. पण सांगितलं असतं तर तो ओशाळला असता, रोज कशा ना कशावरून ओशाळायचा तसा. आणि आत्ता तर स्वारी केवढी खूश होती!

त्याने आतली एक निळी गोटी उचलली, उजेडात धरून पाहिली, खिशात टाकली. मग खिसे चाचपले. ठेवायला काहीच नव्हतं. तिने पर्समधून एक मोठं लाल बटण काढलं.

"चालेल?"

"पळेल!" तो म्हणाला.

त्याने डबा जागच्या जागी ठेवला, वर साल, सालीवर पाचोळा. दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि समाधानाने हात झटकले.

परतताना त्याची पावलं मंदावली. दमला असेल, असं तिला वाटलं. कुंपण जिथे संपतं तिथे तो अचानक थांबला. टोपी काढून त्याने हातात धरली.

"बाई, राग नसेल येणार तर विचारतो. तुमच्याबरोबर फार बरं वाटलं. उद्याही याल का?"

तिने तोंड उघडायच्या आत त्याने हात वर केला. त्याचा चेहरा एकदम कावराबावरा झाला.

"नाही, नाही, थांबा. माझं लग्न झालंय बहुतेक. नीट आठवत नाही. पण घरी कुणी असेल, तर आधी तिला विचारायला हवं. तिला वाईट वाटेल असं काही करायचं नाही मला."

तिने त्याच्या हातातली टोपी घेतली आणि त्याच्या डोक्यावर सरळ करून ठेवली.

"विचारलंत की," ती म्हणाली. "हो म्हणाली ती."