मुनीर दास बेटावर आहे

"आजही नाही?" मोहिद्दीनने कॉन्फरन्सची फाइल काखेत मारली.

"वारा आहे ना. दास बेटावरून लाँचच सुटली नाही," खैरुद्दीनचाचा म्हणाले. "उद्या येईल, इन्शाल्ला. तोवर तुला खाडीपलीकडं फिरवून आणतो. चल, यल्ला!"

हॉटेलच्या हॉलमधून बाकीचे एजंट हसतखिदळत बाहेर पडत होते. गलबतांना डिझेल इंजिने बसवून देणाऱ्या कराची, बसरा, कुवेतच्या एजंटांना कंपनीने दुबईत बोलावले होते. त्यात रत्नागिरीचा मोहिद्दीन. एवढ्याशा बंदरातल्या एजंटाला एरवी कोण विचारतो? पण दुबईचे एजंट खैरुद्दीनचाचा मूळचे रत्नागिरीचेच, आणि त्यांनीच कंपनीकडे त्याच्या नावाचा हट्ट धरला होता.

मोहिद्दीन आला होता तो मुनीरसाठी. मुनीर चाचांचा पुतण्या, दास बेटावर तेलाच्या कामावर. मोहिद्दीनच्या बहिणीला, रशीदाला, त्याचे स्थळ सांगून आले होते. मुलगा स्वतः पारखल्याशिवाय होकार द्यायचा नाही, असे मोहिद्दीनने घरात बजावून ठेवले होते.

पारखण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. इंजिन तो नुसत्या आवाजावरून नापास करी, आणि स्थळेही तशीच. एक मुलगा फार बोलतो, दुसरा बोलतच नाही, तिसऱ्याची आई भारी गोड बोलते, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतेय. रशीदाच्या बरोबरीच्या मुलींची पोरे मदरशात जाऊ लागली होती. अब्बा गरीब गाय, ते मुलापुढे तोंड उघडत नसत. पण बहीण वाईट घरात पडली तर रडायचे कुणाच्या नावाने, ही धास्ती मोहिद्दीनला खरोखरच छळत असे. जीव होता त्याचा तिच्यावर. या वेळी त्याची बॅगही तिनेच भरली होती, आणि धक्क्यावर बोट सुटेपर्यंत ती हसत उभी होती.

चाचांनी त्याला अब्र्यात, म्हणजे तिथल्या लाकडी होडीत, बसवून खाडीपलीकडे नेले. वारा खाली ओढणाऱ्या बुरुजांची घरे दाखवली. चटयांच्या सावलीतला बाजार दाखवला. एका अरब व्यापाऱ्याकडे कहवा पाजला. पेला हलवल्याशिवाय तिथे ओतणे थांबत नाही, हे मोहिद्दीनला कोणी सांगितले नाही. तो बिचारा पीत राहिला आणि यजमान ओतत राहिला. कडू तोंडाने तो बाहेर आला, तेव्हा चाचा तारऑफिसात डोकावून येतो म्हणाले.

"तिथं काय?"

"बिझनेस, हबीबी. दुसरं काय?"

दुसऱ्या दिवशी चाची, मरियमबी, त्याला सोन्याच्या बाजारात घेऊन गेल्या. तिथे त्यांनी रशीदासाठी बांगड्या निवडल्या.

"माप कसं ठाऊक तुम्हाला?"

"बायकांना सगळं ठाऊक असतं, बाळा."

"अजून मी हो म्हटलेलं नाही, चाची."

"बरं, हो नको म्हणूस. आधी जेव. सुरमई तळलीय."

मोहिद्दीनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मुलगा दाखवायचा सोडून ही माणसे त्याला नुसती चारत सुटली होती. नक्की मुलात खोट होती. लंगडा असेल, दारूडा असेल, नाहीतर इथेच कुणाशी निकाह लावून बसला असेल. मुनीरबद्दल विचारले की कबाब पुढे येत, पुन्हा विचारले की हलवा.

कॉन्फरन्स संपली त्या दिवशी तो चाचांना चुकवून एकटाच धक्क्यावर गेला. तिथल्या इराणी हॉटेलात त्याला मराठी ऐकू आले. बोलणारा दापोलीकडचा इद्रीस होता, दास बेटावर फिटर.

"आज आलास? वाऱ्यातून?" मोहिद्दीनने विचारले.

"कसला वारा? लाँच रोज येते."

"मग मुनीर का आला नाही?"

"मुनीर? त्यानं तर लीव्ह घेतलीय. बेटावर नाहीच तो."

मोहिद्दीनने चहा तसाच सोडला. दुपारच्या उन्हात तो तरातरा चाचांच्या घरी गेला. चाचा पंख्याखाली बसले होते, शेजारी चाची. दोघांनी त्याचा चेहरा पाहिला आणि एकमेकांकडे पाहिले.

"लाँच रोज येते, चाचा," तो म्हणाला. "इतके दिवस मला खोटं सांगितलंत. जो मुलगा समोर यायला घाबरतो, त्याला मी बहीण देत नाही. रिश्ता खलास!"

"बस जरा," चाचा म्हणाले.

"बसत नाही! आहे कुठं तो?"

"रत्नागिरीत. तुझी बोट इकडं येत होती, तेव्हा त्याची तिकडं चालली होती." चाचांनी घसा साफ केला. "सकाळीच तार आली. काल जुम्म्याच्या नमाजानंतर निकाह झाला. मुलीकडून वली म्हणून तुझे अब्बा स्वतः बसले."

अब्बा? ज्यांना साधी कोंबडी कापायची तरी मुलाला विचारावे लागते, ते अब्बा?

"माझ्या पाठीमागं?" मोहिद्दीन ओरडला. "माझ्या भोळ्या बहिणीला फसवलंत तुम्ही! तिनं भाई कुठंय म्हणून विचारलं असेल. माझ्यावाचून ती हो म्हणणं शक्य नाही. कुणी दबाव आणला तिच्यावर? कुणाची ही चाल?"

चाची उठल्या आणि त्यांनी त्याच्या हातात पाण्याचा गिलास दिला.

"रशीदाची, बाळा. तिनंच निरोप धाडला होता, भाईला दर्यापार बोलवून घ्या, तरच मी कबूल म्हणेन."