प्रत्येक रेघ खरी

कुरणातला जुना रस्ता सरकारी ठरला, तर ऑर्विल प्लंकेटचा डोंगराभोवतीचा पूर्ण दिवसाचा वळसा वाचणार होता. मोठ्या पुरानंतर आजोबांनी खोदलेली चांदीची खाण मोंटानात बर्फ पडायच्या आत पुन्हा सुरू होणार होती. मनातल्या मनात त्याने ट्रक भरायलाही घेतले होते.

आड येत होती ती शेजारीण, थेल्मा हॅस्कम. दोघांच्या मध्ये ओढा; एका बाजूला ऑर्विलची खाण, दुसऱ्या बाजूला थेल्माचं कुरण आणि तिची गुरं. रस्त्यावर तिचं फाटक, फाटकाला तिचं कुलूप.

आणि आता ऑर्विलला १८९६ चा नकाशा सापडला होता. सरकारी मोजणीदारांनी घोड्यावरून हिंडून काढलेला. डोंगर तपकिरी, पाणी निळं, रस्ते काळे. कुरणातून काळी दुहेरी रेघ ठसठशीत गेली होती. ती दाखवता दाखवता त्याने कॅफेतल्या निम्म्या लोकांची कॉफी गार केली.

रस्त्याचा निकाल देणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यापुढच्या सुनावणीला तो तासभर आधीच हजर. “कुलूप विकायला काढ, थेल्माबाई,” तो म्हणाला.

थेल्माने चष्मा चढवला आणि नकाशावर बराच वेळ बोट फिरवलं. मग तिने शंका काढली, की मोजणीदार त्या दिवशी प्यायलेले नव्हते कशावरून? ऑर्विल उसळला. त्याने एकेक शिखर, एकेक वळण अधिकाऱ्याला पटवून दिलं.

“म्हणजे ही एकच रेघ खरी, की सगळ्या?” थेल्माने विचारलं.

“सगळ्या. लिहून देतो.”

“दे. मीही देते. आपल्या जमिनींपुरता हाच नकाशा अखेरचा.”

अधिकाऱ्याने मध्येच खात्री करून घेतली, की दोघांच्याही खरेदीखतांत सरहद्द म्हणून ओढाच आहे ना. पणजोबांपासून तोच आहे, असं म्हणत ऑर्विलने पेन ओढून घेतलं.

सह्या झाल्या. थेल्माने फाटकाची किल्ली स्वतःहून त्याच्या हातावर ठेवली.

“हरलीस आणि हसतेस?”

“अरे, तू खाणवाला. तुला काळ्या रेघा दिसतात. गुरं पाळणारी आधी पाणी बघते.”

तिने निळ्या रेघेवर बोट ठेवलं. पुराने पात्र बदलण्याआधीचा ओढा खाणीच्या मागून, कड्याच्या पायथ्याने वाहत होता.

रस्ता ऑर्विलला मिळाला. खाण थेल्माला.