मायचं गप्प बसणं

नाटकाच्या तालमीत माय झालेली कुंता मेलेल्या लेकाजवळ गप्प बसली की प्रॉम्प्टर केवळभाऊ लगेच पुढचं वाक्य पुरवायचे. "मी विसरली नाई भाऊ, माय अशी पटकन बोलत नाई," ती रोज हळू आवाजात समजवायची. "गप्प राह्यली तं नाटक पडते, बाई," ते रोज ऐकवायचे. शेवटी ब्रह्मपुरीच्या प्रयोगाआधी नटराजापुढं नारळ फोडताना तिनं त्यांना गप्प राहायची शपथ घातली. तो प्रसंग आला. दुसऱ्या मंडळातून नुसती संहिता वाचून, तालमीविना आलेला दिनेश लेक होऊन चादरीखाली निपचित पडला होता. कुंता उशाशी बसली आणि बोललीच नाही. केवळभाऊंनी तोंडावर दुपट्टा दाबून धरला. मंडप चिडीचूप झाला. मागं कुठंतरी एक बाई मुसमुसली. जमलं, कुंताला वाटलं. चादर हलली आणि टांगलेल्या माइकातून मेलेल्या लेकाचा काळजीचा आवाज मंडपभर घुमला, "ताई, 'माह्या सोन्या' म्हणा ना."