मंजुषा नावाची बाई

“मंजुषाबाईंचं माहेर कुठलं?” दिव्यानं पुन्हा विचारलं, तेव्हा रुखमाबाईच्या हातातलं सूप थांबलं.

ओसरीवर तिचा नवरा देवाजी खाटेवर बसला होता. समोर खुर्चीत चंद्रपूरच्या कॉलेजात शिकवणारी दिव्या. झाडीपट्टीच्या नाटकांवर ती पुस्तक लिहीत होती. एके काळी या नाटकांत बायांची कामंही पुरुषच करत. चामोर्शीकडच्या मंडपांत उभी राहिलेली पहिली खरीखुरी बाई म्हणजे कुमारी मंजुषा. तिचं चरित्र लिहायला घेतलं, तर नावापलीकडे काही हाती लागेना. आईवडील, घराणं, लेकरंबाळं, कशाचाच पत्ता नाही. तिच्या नाटक कंपनीचे मालक बापूजी कधीचेच वारले होते. कंपनीतल्या जुन्यांपैकी उरलेला माणूस एकच, पडदे ओढणारा देवाजी.

“माहेर-गिहेर मले नाई मालूम,” देवाजी म्हणाला. “बापूजीनंच आणली होती तिले.”

“दिसायला कशा होत्या?”

“मी तं परदेवाला, बाई. समोर बसून कधी पाह्यलीच नाई.”

खोटारडा, रुखमाबाई मनात म्हणाली, आणि तांदूळ असे पाखडले की अर्धे अंगणात उडाले.

लग्न होऊन ती या घरात आली, ते पहिलंच वर्ष. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावजत्रा, भरू लागल्या, गावोगाव नाटकं लागली आणि देवाजी कंपनीबरोबर गेला. परत आला तेव्हा सदऱ्याला स्नो-पावडरचा वास होता. खांद्यावर एक केस, हातभर लांब. रुखमाबाईनं तो आपल्या वेणीशी लावून पाहिला. आपला नव्हता. पुढच्या वर्षी ट्रंकेत हिरव्या बांगड्या सापडल्या. आपल्यासाठीच आणल्या म्हणून तिनं हौसेनं हातात घातल्या, तर त्या कोपरापर्यंत सरकल्या. थोराड हाताची होती मेली!

बाजारात बाया मुद्दाम तिच्याजवळ येऊन सांगायच्या, “काय रडते वो ते मंजुषा! गडीमाणसं डोळे पुसून राह्यले होते. अन् चालणं? पाहतच रावं!”

विहिरीवर कोणी नाही असं बघून रुखमाबाईनं एकदा तसं चालून पाहिलं होतं. घागर तेवढी फुटली.

शेवटी तिनंच म्हटलं, मलाही नाटकाला न्या. देवाजीचा चेहरा उतरला.

“तू नको येऊ. तू समोर असली का मले काम नाई सुचत.”

काय समजायचं ते ती समजली. तान्ह्या पोराला काखोटीला मारून तिनं भद्रावतीची बस धरली आणि भावाच्या घरी जाऊन राहिली. थोड्याच दिवसांत देवाजी न्यायला आला. अंगणात मान खाली घालून उभा राहिला.

“मंजुषा गेली,” एवढंच म्हणाला. “आता कोनालेच दिसनार नाई ते.”

कंपनी त्यानं सोडली ती सोडलीच. मग धान, बैल, लेकरं, नातवंडं. देवाजीनं कधी दुसऱ्या बाईकडे मान वर करून पाहिलं नाही. पण रुखमाबाईच्या पोटातली आग काही विझली नाही. बांधावर बसून तो एकटाच काहीतरी गुणगुणायचा. तेव्हा तिला वाटायचं, हा माझ्याजवळ नाहीच. हा तिच्याजवळ आहे.

आता दिव्या निघाली. “चामोर्शीला जुन्या कलावंतांचा सत्कार ठेवलाय, देवाजीभाऊ. पहिलं नाव मंजुषाबाईंचंच आहे. त्यांच्या रक्ताचं कोणी सापडलं असतं, तर बरं झालं असतं.”

देवाजी तिला सोडायला फाटकापर्यंत गेला. रुखमाबाई कुडाआड उभी राहून कान देऊन होती. त्यानं फाटकाची कडी उगाच काढली, घातली. मग म्हणाला, “जिती आहे ते. येईन सत्काराले. मी सांगतो तिले.”

रुखमाबाईनं कुडाला हात टेकला. जिती आहे! आणि ह्याला सगळा ठावठिकाणा माहीत आहे!

“कुठी राह्यते ते?” जेवताना तिनं विचारलं.

“कोन?”

“तुमची मंजुषा.”

देवाजीनं हातातला घास ताटात ठेवला. “तू ये सत्काराले. तवाच पाह्यजो.”

“पाहीन ना! भर मंडपात झिंज्या धरून पाहीन. अन् तिथूनच जाईन भद्रावतीले. या खेपी नेयाले नोका येऊ.”

“बरं,” देवाजी म्हणाला.

सत्काराच्या दिवशी सकाळीच तो न्हाव्याकडे जाऊन आला. मिशी साफ. एवढी जुनी, पांढरी, झुपकेदार मिशी! या वयात, त्या बाईसाठी! रुखमाबाईनं ते गुळगुळीत तोंड पाहिलं आणि कपड्यांच्या पिशवीत आणखी एक लुगडं कोंबलं.

मंडप भरून गेला होता. पिशवी पायांत धरून ती देवाजीच्या शेजारी बसली. एकेक म्हातारी न्याहाळू लागली. ही फार बुटकी. ही काळी टिकली लावलेली, हिचे हात बारीक. ती तिकडची, खांबाजवळची, उंच आहे. तीच असेल. बघा कशी नटून आलीये!

दिव्या माईकपुढे आली. “यांच्याआधी आपल्याकडे बाई रंगमंचावर चढली नव्हती. यांना बघून गावोगावच्या मुलींना धीर आला, घरच्यांशी भांडून त्या नाटकात आल्या. आज या मंचावर बसलेल्या सगळ्या कलावंत भगिनी यांनाच आपली आई मानतात. मी यांना कधी पाहिलं नाही. पण त्या स्वतः मंडपात आल्या आहेत, असा निरोप मला मिळालाय. मंजुषाबाई, वर या!”

टाळ्या कडाडल्या. मंचावरच्या बाया उठून उभ्या राहिल्या. जो तो माना वळवून शोधू लागला. रुखमाबाईनं पदर खोचला आणि ताडकन उठली.

“कुठी आहे? दाखवा मले!”

शेजारी देवाजीनं खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावरून घेतला, हलकेच कानामागे सारला, आणि भरल्या मंडपाला ऐकू जाईल अशा तरण्या बाईच्या गोड, बारीक आवाजात ओ दिली, “आली जी!”