घमेल्यावरचं नाव

लढाई सरली आणि पलटणीचे लोखंडी टोप कराडच्या भंगारात आले. कुतुबुद्दीन लोहार ते ठोकून पसरट करी, कड्या लावी आणि घमेली म्हणून विकी. "अख्ख्या पत्र्याचं हाय, सांधा न्हाई. जन्मात गळायचं न्हाई."

अंजनानं एक घेतलं. तिचा नवरा चार वर्षं लढाईत बेपत्ता होता. "चाचा, ह्यांचं नाव घाला त्याच्यावर. आल्यावर बघतील."

"नाव सांग, पोरी."

अंजना लाजली. नवऱ्याचं नाव तोंडानं कसं घ्यायचं?

कुतुबुद्दीन हसला आणि छिन्नीनं आतला रंग खरवडू लागला. रंगाखाली खिळ्यानं कोरलेली जुनी अक्षरं निघाली. त्यानं ती सहज मोठ्यानं वाचली, "लालासाहेब नाथाजी, मसूर."



"व्हय, हेच!" अंजना हरखली. "चाचा, तुमाला कसं ठावं?"